मिस्त्रीचा कोपरा

मामा गेले तेव्हा मी वर्गात होते. तास संपल्यावर फोन पाहिला. मामेभाऊ संतोषचे कॉल येऊन गेले होते. मी उलट फोन लावला. "ताई, बाबा गेले," तो म्हणाला. दुकानात खुर्चीवर बसले होते, तिथेच गेले. मी हजेरीपट टेबलावर ठेवला, प्राचार्यांना सांगितलं आणि वाशीमच्या स्टँडवर जाऊन रिसोडची एसटी धरली.

रिठद मागे पडलं तेव्हा मला रडू येण्याआधी एक विचार आला. या शनिवारी मामांचा फोन येणार नाही. गेल्या दिवाळीपासून ते दर शनिवारी फोन करत आणि एकच गोष्ट विचारत. देवराव नावाच्या एका शेतकऱ्याच्या वावरातली माती मी तपासायला पाठवली होती, तिचा रिपोर्ट आला का? मीही दर शनिवारी एकच उत्तर देत असे, अजून नाही. त्या दिवशी बसमध्ये, खिडकीच्या गजावर डोकं टेकून, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आता ते उत्तर द्यावं लागणार नाही. पुढच्याच क्षणी मी काय विचार केला हे माझं मलाच कळलं, आणि तेव्हापासून तो विचार माझ्याबरोबर आहे. मामांविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा तोच आधी लिहावा लागेल, हे मला माहीत होतं.

पुंडलिकमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रिसोड तालुक्यातल्या एका गावात, तलावाच्या काठाला, त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांच्या मागे आधीच पुष्कळ लागलेलं आहे. विहिरीवरची, बोअरवरची पाण्याची मोटार जळाली की तिच्या पोटातली जुनी तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की व्होल्टेज पडे आणि दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागे. केनवडकडून, रिठदकडून लोक मोटारसायकलवर मागे मोटार बांधून आणत. मामा त्या माणसांना सरळ कधी बोलत नसत. "मोटार जळाली का जाळली?" हा पहिला प्रश्न. समोरचा काही सांगू लागला की ते बाकावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणत, "तीन फेजची मोटार हे दोन फेजवर चालोते, अन् मंग मले इचारते जळाली कशी. याले अर्धी भाकर देऊन नांगराले जुपा बरं, कसा चालते पाहू." ज्याची मोटार जळाली तोही हसे. त्यांचा आवाज मोठा होता आणि तो रस्त्यापर्यंत ऐकू जातो याचा त्यांना अभिमान होता. आपल्यासारखी मोटार तालुक्यात कोणी भरत नाही, हे ते स्वतःच सांगत आणि दर वेळी नव्याने सांगत.

आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आठवीला मी मामांकडे राहायला आले आणि बारावी होईपर्यंत तिथेच राहिले. मी कमी बोलणारी मुलगी होते. घरात जागा थोडी, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, तारेची रिळं ठेवायच्या फळीखाली बसून वाचत असे. गिऱ्हाइकांना मामा सांगत, "हळू बोला, आत कलेक्टर अभ्यास करून राह्यली," आणि स्वतः मात्र तेवढ्याच मोठ्याने बोलत राहत. दुकानाच्या मागे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी तलावाचा दक्षिणेकडचा कोपरा. मोटारीतली जुनी तार वार्निशमुळे आत घट्ट बसलेली असते. ती हाताने काढायला फार वेळ लागतो, म्हणून सगळीकडे मोटारीचं पोट आगीत घालून वार्निश जाळतात आणि मग तार सहज ओढून काढतात. मामाही तेच करत. रविवारी सकाळी उतारावर आगटी पेटे. जुन्या बॅटऱ्याही त्यांच्याकडे येत, आतल्या शिशासाठी त्याही तिथेच फुटत. आग विझली की राख, लोखंडाचे पापुद्रे, तुटलेलं जे काही असेल ते फावड्याने खाली लोटलं जाई, आणि पावसाळ्यात ते तलावात जाई. आम्हाला त्याचा वास येत असे, पण तो घाण वास आहे असं कधी मनात आलं नाही. तो रविवारचा वास होता. त्या आगीवर मामांचं घर चाललं आणि माझं शिक्षणही.

पुढे मी भूगोलात एम. ए. केलं, वाशीमच्या कॉलेजात लागले. वाचत असताना एकदा एक गोष्ट कळली आणि ती मनात घर करून राहिली. भट्टी, कारखाना, गाड्या, जिथे जिथे काही जळतं तिथून लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात किंवा वाहून जातात आणि तळ्याच्या गाळात बसतात. गाळाची चिमूट घेऊन ती चुंबकाला किती दाद देते हे मोजता येतं. तळ्याच्या निरनिराळ्या जागांचा गाळ असा मोजला की कुठे जळकी घाण जास्त साचली आहे याचा नकाशा तयार होतो. विषारी धातू त्यातून थेट दिसत नाहीत, ते प्रयोगशाळेतच कळतात. पण कुठला गाळ प्रयोगशाळेत पाठवायचा, हे नकाशा सांगतो. आमच्या भागात उन्हाळ्यात तलाव आटले की शेतकरी त्यांतला गाळ ट्रॉल्या भरभरून वावरात नेऊन टाकतात. मला वाटलं, तो नेण्याआधी एकदा पाहावं. आणि पाहायचं तर ज्या तलावाच्या काठाला मी वाढले तोच पाहावा. यात माझा दुसरा कुठलाही हेतू नव्हता. मामांच्या दुकानाचा विचार मला शिवलासुद्धा नाही. हे आता कोणाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं.

मोजायचं यंत्र आम्ही बाहेरून उसनं आणलं होतं, ते चार दिवसांत परत द्यावं लागलं. मग कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी तसंच एक साधं यंत्र जुळवून दिलं. त्याचा जीव म्हणजे प्लास्टिकच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल. कॉइलच्या पोकळीत गाळाची छोटी डबी ठेवायची आणि समोर आकडा किती हलतो ते पाहायचं. सर म्हणाले, तार अगदी सारखी गुंडाळली गेली पाहिजे, एका वेढ्यावर दुसरा चढता कामा नये, असं काम करणारं कोणी मिळेल का? मी म्हटलं, माझे मामा आहेत.

मामांनी नळी हातात घेऊन फिरवली आणि मामींना हाक मारून दाखवली. "पाय, प्रोफेसरीणबाईनं मले पोट्ट्याइचं खेळनं बनवाले आनलं." पण दुपारपर्यंत कॉइल तयार होती. आकडा मात्र स्थिर राहीना. रिकाम्या कॉइलमध्येही तो पळत होता. मामांना त्याचा राग आला, आपली कॉइल चुकते असं म्हणणंच त्यांना सहन होईना. मग लक्षात आलं की दुकानात जिकडे तिकडे लोखंडच आहे. आम्ही यंत्र उचलून कडुनिंबाच्या पारावर नेलं. मामांनी खिशातल्या किल्ल्या काढून लांब ठेवल्या, मग पट्टा काढला, मग पक्कड. शेवटी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर गंभीरपणे विचारलं, "करगोटा चांदीचा हाये. तो राहू द्याचा का तोही सोडू?" म्हातारे हसून हसून खोकायला लागले. ऊन लागलं की नळी तापून आकडा सरकतो हेही तिथेच कळलं. मामींच्या गोधडीचा एक तुकडा मामांनी नळीभोवती शिवला आणि कॉइल पुन्हा गुंडाळली, पहिलीपेक्षा सावकाश, श्वास धरून. दुसऱ्या कॉइलचा आकडा हलला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी हळद घालून पाहिली, गूळ घालून पाहिला, आपली तंबाखू घालून पाहिली. आकडा जागेवरच. मग अंगणातली माती घातली आणि आकडा एकदम उडाला. मामांना वाटलं, बिघडली. मी सांगितलं, आपली काळी माती काळ्या दगडातून आली आहे, त्या दगडातच लोखंड आहे. "म्हंजे आपून सारे लोखंडावरच पेरून राह्यलो," ते म्हणाले. त्या दिवसाइतके खूश मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

आपल्याकडची अडचण तीच होती. माती मुळातच चुंबकाला ओढली जाणारी, मग तिच्यात घाणीचं लोखंड वेगळं कसं ओळखायचं? त्यासाठी तलावाभोवतीच्या वावरांतली माती आधी मोजून घेतली. मग आटलेल्या तलावात, कबड्डीचं मैदान आखतात तशा, फक्कीने रेषा मारल्या आणि एकेका चौकोनातून प्लास्टिकच्या चमच्याने गाळ घेतला. खुरपं चालत नाही, त्याचा गंज मिसळतो. दुकानात काम नसेल त्या दुपारी मामा छत्री घेऊन येत आणि मी वाकून गाळ घेई तोवर माझ्या डोक्यावर धरून उभे राहत. तलावात बकऱ्या चारणारे विचारत, मिस्त्री, काय हरवलं? मामा सांगत, भाचीची सोन्याची बांगडी. दुसऱ्या दिवशी तिथे खरंच दोघे-तिघे काठीने गाळ उकरताना दिसले.

उत्तरेकडचे, पूर्वेकडचे आकडे आजूबाजूच्या वावरांसारखेच निघाले. दक्षिणेकडे जाताना ते चढू लागले आणि कोपऱ्यात तर दुप्पट-तिप्पट झाले. मी आधी दगडाचाच विचार केला, तिथे खडक वर आला असेल. मग त्या गाळातून चुंबकाने कण वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दगडातून आलेला कण कोनाकोनांचा असतो. आगीत वितळून थंड झालेला कण गोल असतो. माझ्यासमोर गोल कण होते, लहान लहान, चकचकीत, आणि त्यांच्यामध्ये जळक्या लोखंडाचे पातळ पापुद्रे. मी डोळा बाजूला घेतला. त्या कोपऱ्याच्या वर काय आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मामांना मी ते लगेच सांगितलं नाही. अजून काही सिद्ध झालेलं नाही, असं मी म्हणत होते, आणि ते खरंही होतं. नकाशा तयार झाला तेव्हा तो घेऊन गेले. कमी तिथे पिवळा, जास्त तिथे लाल. मामांनी चष्मा पुसून घातला, नकाशा दुकानाच्या बाकावर पसरला. बराच वेळ पाहिलं. लाल कशाचा, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "अन् माहं दुकान याच्यात कुठं येते?" दुकान नकाशाच्या बाहेर पडतं, असं मी सांगितलं. त्यांनी लाल भागावरून बोट खाली नेलं, कागदाची कड ओलांडली आणि बाकाच्या लाकडावर नेमक्या जागी टेकवलं. "इथं," ते म्हणाले. मग नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

गाळ न्यायला सुरुवात होण्याआधी ग्रामपंचायतीने मला बोलावलं. मी नकाशा भिंतीवर लावला आणि सांगितलं की बाकीचा गाळ खुशाल न्या, दक्षिणेच्या कोपऱ्यातला मात्र नेऊ नका, त्यात शिसं असण्याची शक्यता आहे, प्रयोगशाळेतून खात्री होईपर्यंत थांबा. "काहून?" एकाने विचारलं. मी म्हटलं, स्रोत अजून निश्चित झालेला नाही. आज हे वाक्य लिहिताना मला त्याचा कोरडेपणा ऐकू येतो. लोकांना तो तेव्हाच ऐकू आला. सगळ्यात काळा, लोण्यासारखा गाळ तिथलाच, आणि बाई म्हणते तोच नको? मागून कोणीतरी म्हटलं, कोण्या ठेकेदारासाठी राखून ठेवला असंल. हशा झाला. सरपंच मला काही सुचवू पाहत होते. मामा दाराशी, चपला काढतात तिथे बसले होते. ते उठले. त्यांचा तो रस्त्यापर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी लहान होता, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"ठेकेदार गिकेदार काही नाही. थे राख माही हाये. मोटारी तुमच्या होत्या, पन जाळल्या म्या. भाचीनं नाव सांगतलं नाही, काहून का थे माही भाची हाये. आता समजलं काहून?"

देवराव उठून बाहेर गेला. तेव्हा मला वाटलं, तो रागावला. खरं कारण पुढे कळलं. त्या वर्षी कोपऱ्यातला गाळ कोणी नेला नाही. माझ्या कामाच्या दृष्टीने सभा यशस्वी झाली. कॉलेजात माझं अभिनंदनही झालं.

मामांनी आगटी बंद केली. मोटारीतली तार ते आता छिन्नी-हातोडीने, एकेक गठ्ठा कापून काढू लागले. जे काम सकाळभरात व्हायचं त्याला दोन दिवस लागू लागले. गिऱ्हाईक थांबत नाही, पिकाला पाणी थांबत नाही. लोक दुसरीकडे जाऊ लागले, जिथे अजूनही जाळतात तिथे. गावात त्यांना कोणी वाईट बोललं असं नाही. एका लग्नाच्या पंगतीत वरण जरा करपलं होतं तेव्हा कोणी तरी म्हणालं, मिस्त्रीची राख पडली काय यात, आणि मामाही सगळ्यांबरोबर हसले, असं संतोषने मला सांगितलं. पूर्वी असल्या चेष्टेला त्यांच्याकडे दामदुप्पट उत्तर असे. त्या दिवशी ते जेवत राहिले.

दिवाळीच्या सुमारास देवराव त्यांच्याकडे आला. त्याने आदल्या दोन उन्हाळ्यांत त्याच कोपऱ्यातला गाळ नेऊन आपल्या भाजीच्या तुकड्यात टाकला होता. सभेतून तो उठून गेला तो त्यामुळे. मेथी पेरायची वेळ झाली होती. तो भांडायला आला नव्हता, विचारायला आला होता. घरातली लेकरं तीच भाजी खातात, खाऊ द्यायची की नाही? मामांनी तो प्रश्न माझ्याकडे आणला. मी कॉइल घेऊन देवरावच्या वावरात गेले, माती मोजली. शेजारच्या वावरापेक्षा आकडा किंचित जास्त होता, अगदी किंचित. गाळ पातळ पसरला होता, नांगरटीत मिसळून गेला होता. मला तेव्हाच वाटलं होतं की इथे काही फारसं निघणार नाही. पण कॉइल लोखंड मोजते, शिसं मोजत नाही. मातीचा नमुना आणि कोपऱ्यातला गाळ असं दोन्ही मी प्रयोगशाळेला पाठवलं आणि वाट पाहायला लागले. तिथलं यंत्र बंद होतं, मग रांग होती. रिपोर्ट येईपर्यंत देवरावने भाजी विकू नये, खाऊ नये, एवढं मी सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, हे मी विचारलं नाही.

मग शनिवारचे फोन सुरू झाले. आधी ते इकडचं तिकडचं बोलत, मग विचारत. पुढे पुढे इकडचं तिकडचं राहिलं. थंडीच्या दिवसांतला एक फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

"सुमे, तुले काय वाटते थे सांग. रिपोर्टाचं राहू दे."

"मामा, मला वाटून काय उपयोग? रिपोर्ट येऊ द्या."

"तरी... तू वावर पाह्यलं ना. तुले वाटलं असंलच ना काही."

"रिपोर्ट आल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले. "मोठी हो."

ते वाक्य ते मी आठवीत असल्यापासून म्हणत, फोन ठेवताना किंवा मी गावी निघाले की. त्या दिवशी मी बरोबर वागले असं मला वाटलं. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते, पुराव्याआधी बोलायचं नाही.

मार्चअखेरीस मामा गेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. सुतकाच्या दिवसांत मी तिथेच होते. एका दुपारी भेटायला आलेल्या बायकांपैकी कोणी तरी मेथीची जुडी घेऊन आली होती. ती पाहून मामी रडायला लागल्या. मी त्यांना आत नेलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की मामा थंडीभर देवरावच्या वावरातली मेथी आणत. रोज. घरात दुसऱ्या कोणाला खाऊ देत नसत. वेगळ्या कढईत करायला लावत आणि सगळी स्वतः खात. मामींनी विचारलं तर सांगत, "सुमीचा रिपोर्ट लेट हाये. तोवर माहा पाहू. मले काही झालं तं देवरावले सांगता येईन, नाही झालं तंही सांगता येईन." पोट दुखतं का, हात थरथरतात का, हे ते रोज मामींना विचारायला लावत. आणि मला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती.

त्या मेथीने ते गेले नाहीत. हे मी डॉक्टरांना वेगवेगळ्या शब्दांत विचारलं आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं. वयही झालं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या ते चुकवत. ते उत्तर मी मानते. तरीही कढईत उकळणारी ती मेथी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एक माणूस उत्तरासाठी इतका अडला होता की तो स्वतःच्या पोटाचं यंत्र करून बसला... आणि उत्तराचा बराचसा भाग वाशीममध्ये, फोनच्या दुसऱ्या टोकाला, माझ्यापाशी होता. मला वाटत होतं की काही निघणार नाही. एवढंच त्यांना हवं होतं. मामीही म्हणतात, तू काही चुकीचं केलं नाहीस. संतोष म्हणतो, कॉलेजातले म्हणतात. सगळे बरोबर आहेत. माझी चूक कुठली हे मला कोणी दाखवून दिलं असतं तर मी निदान तिच्यापुढे उभी राहिले असते. जे बरोबर होतं त्याचीच लाज वाटते आणि ते कोणाला सांगता येत नाही.

रिपोर्ट तेरवीच्या आधी आला. मी दुकानाच्या बाकावर बसून फोनवर तो उघडला. कोपऱ्यातल्या गाळात शिसं होतं, इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त. नकाशा बरोबर होता, मामांनी गुंडाळलेली कॉइल बरोबर होती. देवरावच्या वावरात काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

फोन घेऊन मी देवरावकडे गेले. तो बांधावर बसला होता. मी वाचून दाखवलं, समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही. "मिस्त्री तं संक्रांतीलेच सांगून गेला होता, बाई," तो म्हणाला. "म्हने, भाजी खाऊ दे लेकराइले, काही होत नाही. म्या म्हटलं, रिपोर्ट आला का? तं म्हने, आला." मी विचारलं, कोणता रिपोर्ट, असं तू विचारलं नाहीस? देवराव म्हणाला, "मिस्त्रीनं त्या दिवशी साऱ्या गावात सोताचं नाव सांगतलं. त्याले काय इचारू?"

मी वावरातून निघाले आणि आटलेल्या तलावात उतरले. मामा खोटं बोलले होते आणि त्यांचं खोटं खरं निघालं. माझं खरं तेव्हा वाशीमहून निघालंच नव्हतं. कोपऱ्यातला गाळ नीट काढून कुठे तरी सुरक्षित जागी पुरून टाकावा लागेल, असा अर्ज मी रिपोर्ट जोडून वरच्या कार्यालयात दिला आहे. ग्रामपंचायतीनेही ठराव केला आहे. कोणी पाहायला आलेलं नाही.

या उन्हाळ्यात पुन्हा गाळ निघाला. वैशाखाच्या उन्हात दिवसभर ट्रॅक्टर येत होते, जात होते. नवे ट्रॅक्टरवाले, ज्यांना काही माहीत नाही असे, दक्षिणेकडे वळले की बाकीचे त्यांना ओरडून सांगत, तिकळे नाही, तो मिस्त्रीचा कोपरा हाये. काहून, असं कोणी विचारत नव्हतं. आता गाळ काढून झाला आहे. तलाव सगळीकडून हात-दीड हात खोल गेला आहे. दक्षिणेकडचा तेवढा एक तुकडा कोणी हात न लावल्यामुळे वर उरला आहे.